पानावरचे तपकिरी ठिपके

दोन दिवस झाले, तरी पानावर एकही बीजाणू आला नव्हता. मी पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं.

धानावर करप्याचा, म्हणजे बुरशीच्या रोगाचा, संशय असला की लॅबमध्ये आम्ही पान ओल्या कागदावर ठेवतो. बुरशी वाढत असेल तर डागावर तिचे बीजाणू, म्हणजे तिचं बी, दिसतात. इथे काही नव्हतं. डागही करप्यासारखे लांबट नव्हते. टाचणीच्या टोकाएवढे, तपकिरी.

पान झनकलालकाका या शेतकऱ्याच्या परह्यांचं होतं, म्हणजे रोवणीआधीच्या रोपांचं. ते आलं त्याच दिवशी लॅबचे सर म्हणाले होते, "डाग आहेत ना? करपा लिही. त्यांच्या बाजूला बीजोत्पादनाचा प्लॉट आहे, फैल जाएगा."

"सर, शेप जरा..."

"काय?"

"काही नाही."

काकांना फोन मीच केला. सगळं उपटून पुरून टाका.

आता सरांना पान दाखवलं. त्यांनी ते मायक्रोस्कोपखाली सरकवून पाहिलं. "हायपरसेन्सिटिव्ह रिअ‍ॅक्शन," म्हणाले. काही वाणांत बुरशी शिरली की तिच्याभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात. मग बुरशीला खायला मिळत नाही, ती तिथेच अडकते. ठिपके त्या मेलेल्या पेशींचे. रोप निरोगी.

काका फोन उचलेनात. इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळ त्यांचं गाव. आम्ही गेलो. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कोपऱ्यात ताज्या मातीचा ढीग होता.

"कायले आल्या, बाई? तुम्ही सांगितल्या तसंच केलो."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे धान चांगला होता? मंग फोनवर तसं काऊन सांगितल्या?"

"मला शंका होती, काका. बोलले नाही."

सरांनी विचारलं, "घरी बी आहे?"

"आमची बुढी माय दरसाल लोंब्या निवडून ठेवे. यंदा ती नाही. मी सारंच पेरलो."

"गावात कोणाकडे?"

"सारे हायब्रीड लावून राहिले. जुनं धान लावतो म्हणून आमच्यावरच हासत."

आम्ही ढीग उकरला. रोपं काळी पडली होती. आठ-दहा बरी वाटली, ती काकांनी चिखलात रोवली. एकही जगलं नाही.

सरांनी रिपोर्ट दुरुस्त केला. काकांनी बाजारातलं वाण लावलं.

डाग रोगाचा की रोगाला अडवणाऱ्या रोपाचा, हे कळायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मागून घ्यावे लागतात, मोठ्याने.