'शुड'च्या भरवशावर पुणे

पुण्याला जायचं ठरलं ते एका फोनवर. आई गेल्यापासून बाबा वर्ध्याला एकटेच राहतात. डोळ्यांना कमी दिसतं, गॅस चालू राहतो, शेजारच्या काकू येऊन बंद करतात. मी चंद्रपूरला, दोन खोल्यांत, सासू-सासऱ्यांसह. म्हणून पुण्यात आयटीत असलेल्या धाकट्या भावाला, राहुलला, विचारलं, "बाबांना तुझ्याकडे कायमचं आणू का?" तो म्हणाला, "शुड बी फाइन, ताई." मी लगेच तिकिटं काढली. आमच्याकडे पोरगा इंग्रजीत काही म्हणाला की ते पक्कं धरतात. मीही धरलं.

वर्ध्याहून पुण्याला जाणाऱ्यांनी संध्याकाळची गाडी घ्यावी, सकाळी पोचता येतं. डबा घरूनच न्या. दौंडचा चहा गरम असतो, एवढंच त्याच्याबद्दल बोलता येईल. बाबांनी अंथरूण, औषधं, रेडिओ आणि आईचा फोटो असं सगळं बरोबर घेतलं होतं. समोरच्या बाकावरच्या प्रत्येकाला ते सांगत होते, "मुलाकडे चाललो. आता तिकडेच." लोक म्हणत होते, नशीबवान आहात काका.

स्टेशनबाहेर 'वाकड' म्हटलं की रिक्षावाले दुसरीकडे बघतात. जो येतो तो ठरवून येतो, मीटर वगैरे विषय काढू नका. राहुलचं घर दहाव्या मजल्यावर. दुसरी बेडरूम आहे, पण तिच्यात टेबल, दोन स्क्रीन आणि फिरती खुर्ची. बाबांची सोय हॉलमधल्या सोफ्यावर झाली. "खोली कधी मोकळी होईल रे?" मी विचारलं. "वीकेंडला शुड बी डन." "आज जेवायला घरी आहेस ना?" "शुड बी होम बाय सेव्हन." बाबा त्याच्यासाठी जेवायचे थांबले. शेवटी मीच त्यांना वाढलं. तो आला तेव्हा ते बसल्या जागी झोपले होते.

माझी भावजय स्नेहल, तीही आयटीतच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे करताना मी तिला म्हटलं, हा सरळ का बोलत नाही? ती म्हणाली, "अहो ताई, आमच्याकडे नाही म्हणायची पद्धतच नाही. क्लायंटने काहीही मागितलं की म्हणायचं, शुड बी पॉसिबल. नाही झालं तर नंतर मेल करायचा. मग घरीही तेच तोंडात येतं." मला हसू आलं नाही. आम्ही क्लायंट नव्हतो.

राहुल ऑफिसला गेल्यावर बाबांना घेऊन मी शहरात निघाले. वाकडहून मनपापर्यंत बस मिळते, सकाळची गर्दी ओसरली की बसायलाही मिळतं. तिथून पूल ओलांडला की शनिवार पेठ. पुढे कसब्यात तांबट आळी आहे, तिथे भांड्यांवर ठोके पडत असतात, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. कसब्यात गाडी नेऊ नका, पायीच फिरा. बाबा प्रत्येक दुकानापाशी थांबत होते. पुढची सगळी वर्षं इथेच काढायची म्हणून ओळख करून घेत होते. मला ते दिसत होतं आणि मनातून बरं वाटत होतं.

जेवायला शनिवार पेठेतल्या एका खानावळीत गेलो. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "चपात्या संपल्या. भात-आमटी आहे."

"थोडं थांबलो तर होतील का?" मी विचारलं.

"नाही."

"दोनच हव्या होत्या, बाबांसाठी."

"अहो, दोन म्हणजेही चपात्याच ना? संपल्या."

मी उठायला लागले, तर बाबांनी हात धरून बसवलं. "बस. माणूस बरा आहे. काय आहे न् काय नाही, कळते तरी." दोनदा आमटी मागून घेतली त्यांनी. आमटी खरंच चांगली होती, जाल तर जरूर जा.

शनिवारी सिंहगड ठरला होता. राहुलच म्हणाला होता, "गाडीने जाऊ, शुड बी डूएबल." बाबा सकाळीच बूट घालून सोफ्यावर बसले. राहुलचा कॉल सुरू झाला तो संपेना. स्वारगेटहून गडाच्या पायथ्यापर्यंत बस जाते असं मी ऐकून आहे. तुम्ही तीच घ्या. आम्ही गेलो नाही, त्यामुळे गडाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दुपारी बाबांनी बूट काढले आणि राहुलला समोर बसवलं. "एक सांग. मी राहू का परत जाऊ? हो असेल तर हो म्हण, नाही असेल तर नाही. मले राग नाही येणार."

"बाबा, असं काय विचारता? तुमचंच घर आहे." राहुल फोनकडे बघत होता. "इट शुड वर्क आउट. ऑनसाइटचं फायनल झालं की नीट प्लॅन करू."

"कसलं ऑनसाइट?" मी विचारलं.

त्याने फोन पालथा ठेवला. स्नेहल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "बाबा, आम्ही अमेरिकेला चाललोय. व्हिसा आलाय. हे घर भाड्याने द्यायचं ठरलंय. मी ह्याला म्हणत होते, ताईंना फोनवरच सांग."

राहुलच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. बापाला अंथरुणासकट इथवर येऊ दिलं, आणि एक शब्द बोलवला नाही त्याच्याने. बाबा मात्र स्नेहलकडे बघून म्हणाले, "बरं झालं पोरी, सांगितलंस." मग मला म्हणाले, "उद्याच्या गाडीत जागा आहे का बघ."

परतीच्या गाडीत त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. वर्ध्याच्या घरात दोन-चार दिवसांचीच धूळ होती, पण मी सगळं घर पुसून काढलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. ह्या प्रवासातून काय मिळालं असं कोणी विचारलं तर तांबट आळी, ती आमटी आणि भावाबद्दलची अढी. ती अढी जाईल असं वाटत नाही.

आमच्याकडे बाप मुलीच्या घरी राहायला जात नाही. गेला तर पाहुण्यासारखा, दोन दिवस. मी निघायला बॅग उचलली तेव्हा बाबा दाराशी उभे होते. खाली बघत म्हणाले, "तुझ्याकडे येऊ का मग? कोपऱ्यात पडून राहीन."

माझ्या डोळ्यांसमोर दोन खोल्या आल्या, सासूबाईंचा चेहरा आला. मी म्हटलं, "हो बाबा, जमायला हवं तसं. ह्यांना विचारते, मग कळवते."

बाबांनी मान हलवली, आणि आत जाऊन आईचा फोटो परत भिंतीवर लावला.