आरशातली स्कूटर

औरंगपुऱ्यात गाड्यांच्या मागं स्पॉयलर, म्हणजे वारा दाबणारी पट्टी किंवा पंख, बसवणारा माझ्या ओळखीचा माणूस बोलताना तळहात तिरका धरून वारा दाखवतो. "वेगात वारा गाडीचं बूड उचलतो, ह्यो दाबून धरतो. डिकीवरची पट्टी चिकटवली तरी चालतंय. उंच पंखाला वारा लई ओढतो, बोल्टच पायजेत."

माझ्या नव्या गाडीला छिद्रं नकोत, पण पंखच हवा, असा मी हट्ट धरला. त्यानं तोंड वाकडं करत पंख चिकटवला आणि हेल्मेट घातलं.

पैठण रस्त्यावर मी वेग वाढवला, तरी आरशात त्याची स्कूटर अगदी मागं. बिडकीनला थांबून मी ओरडलो, "मरायचंय का?"

"पंख निघाला तर मागच्याच्या तोंडावर येतो. म्हणून चिकटवलेल्या पंखामागं पहिल्यांदा मीच असतो."

परतताना मी गाडी जवळजवळ ढकलल्यासारखी हळू चालवली. तरी तो मागंच होता.