रिसबूडकाकांचं पक्षांतर

रिसबूडकाकांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी चौकशी व्हायची ती चार्जरची. मी पुण्याहून नोएडातल्या नोकरीसाठी दिल्लीत आले, मयूर विहारच्या एका सोसायटीत घर घेतलं आणि समोरच्या दारावर मराठी आडनाव बघून हरखून जाऊन बेल वाजवली. दार उघडलं ते काकांनीच. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातातल्या फोनकडे पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले, "पुण्याची दिसतेस. आणि आयफोन? ये, आत ये. चहा मिळेल, चार्जिंग मिळणार नाही." आतून मालतीकाकूंचा आवाज आला, "तू ह्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस गं. माझा चार्जर आहे इथे ओट्यापाशी." काका माझ्याकडे बघून हताशपणे म्हणाले, "ऐकलंस? शत्रू घरातच आहे."

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या पुरवठा खात्यात गेली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून त्यांनी आयुष्यभर कुठे तंबू, कुठे ब्लँकेटं, कुठे धान्याची पोती वेळेवर पोचवली. जगाकडे बघायची त्यांची खिडकी ती एकच. "लढाई तलवारीने जिंकतात ही शाळेतल्या मास्तरांची समजूत," ते म्हणत. "लढाई रसद जिंकते. पानिपतावर शौर्य कमी पडलं का? छे! दाणा-वैरण कमी पडली." आणि एवढं बोलून झालं की आपला अँड्रॉइड फोन खिशातून काढून, तो देव्हाऱ्यातला असल्यासारखा तळहातावर ठेवत. "ह्याचा चार्जर इथून पानिपतपर्यंत प्रत्येक चहावाल्याकडे मिळतो. तुझ्या फोनाचा मिळेल? नाही मिळणार. म्हणजे तुझं पानिपत ठरलेलं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. काका कुठल्याही टपरीवर थांबले की पहिल्यांदा विचारत, "भैया, चार्जर है?" चहावाला निमूटपणे वायर पुढे करी. फोन भरलेला असला तरी काका तो मिनिटभर लावून ठेवत आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत. चहा त्यांना फारसा आवडतही नसे. एकदा मी म्हटलं, "काका, माझ्याकडे पॉवर बँक आहे की." तर म्हणाले, "शिधा पाठीवर वाहून नेणारी फौज किती दूर जाते?" मी पॉवर बँक मुकाट पर्समध्ये ठेवून दिली.

दुसरं त्यांचं लाडकं वाक्य काकूंच्या फोनवरून निघालेलं होतं. काकूंना आयफोन त्यांच्या मुलाने, निखिलने, कॅनडातून आणून दिला होता. एकदा काकूंनी काढलेला फोटो काकांच्या फोनवर थेट पाठवायचा प्रयत्न झाला आणि तो काही जाईना. काकांना पुरावाच मिळाला. तेव्हापासून घरात कोणीही आलं, अगदी गॅसवाला आला तरी, काका सांगत, "हिच्या फोनावरून माझ्या फोनावर काही येत नाही. दोन वेगळे मुलुख आहेत हे. मधे नदी आहे आणि नदीवर पूल नाही." वास्तविक काकू त्यांना दिवसातून दहादा फोन करत, कोथिंबीर आणा, दूध आणा, आणि ते सगळे फोन व्यवस्थित लागत. पण चांगलं वाक्य सापडलं की काका वस्तुस्थितीची फार फिकीर करत नसत.

काकू मात्र ह्या सगळ्याला पुरून उरत. त्यांचा फोन जुना झाला होता, काचेला तडा गेला होता, पण बदलायचं नाव काढू देत नसत. "माझ्या लेकाने दिलाय," त्या म्हणत. "उद्या त्याने पाटावरवंटा दिला तर तोही कानाला लावीन." काका म्हणत, "बघ, ह्याला म्हणतात अंधभक्ती." काकू म्हणत, "आणि तुमची ती कुठली? डोळस?" असं रोज चालायचं. मला सासू-सासऱ्यांची सवय नव्हती, पण ह्या दोघांचं भांडण ऐकल्याशिवाय माझी संध्याकाळ संपेना झाली होती.

एका संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाचं वाण आणायचं काम काकांनी अंगावर घेतलं. एरवी आमच्याकडे डबे, चाळण्या, फार तर स्टीलची वाटी असं काही लुटतात. काकांनी चार्जिंगच्या वायरी आणल्या, प्रत्येकीला एक, आणि सगळ्या आपल्या पक्षाच्या. आलेल्या बायकांपैकी निम्म्या आयफोनवाल्या. वाण परत कसं करणार? सवाष्णीने दिलेलं. सगळ्यांनी कपाळाला हळदकुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि निरुपयोगी वायर पदराखाली धरून नमस्कार करून गेल्या. ज्या घरातून वाण निघालं त्या घरच्या यजमानीणबाईंनाही ते चालणार नव्हतं. काकू रात्री हसून हसून बेजार. काका शांतपणे म्हणाले, "प्रचार करायचा तर घरोघर जावं लागतं."

मग केव्हातरी नवे आयफोन त्याच वायरीवर चालायला लागले. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी चिटणीस हे कट्टर आयफोनवाले. ते मुद्दाम काकांच्या घरी येऊन आपला नवा फोन काकांच्याच चार्जरला लावून बसले. "आता काय म्हणणं आहे, रिसबूड?" सिद्धांत पार आडवा झाला होता. काकांनी ती वायर नीट खोचून दिली. मग म्हणाले, "वायर एक झाली म्हणून माणसं एक होत नाहीत, चिटणीस. चहा घेणार?"

याच सुमाराला काकू विसरायला लागल्या होत्या. आधी साधंच. मीठ दोनदा घातलं, माझं लग्न झालंय का हे तिसऱ्यांदा विचारलं. मी काकांकडे बघायची, काका भिंतीकडे बघायचे. "सत्तरीत कोण विसरत नाही?" ते म्हणत. "मी नाही का चष्मा विसरत?"

जानेवारीत मंडळाची बस दरवर्षी पानिपतला काला अंबला जाते. तिथल्या स्मारकाला हार घालतात, दोन मिनिटं उभं राहतात, आणि मग काका रसदेवर बोलतात. हे भाषण कार्यक्रमपत्रिकेत नसे, पण होत असे. त्या वर्षीही धुकं होतं. मौनाआधी चिटणिसांनी सगळ्यांना फोनचे आवाज बंद करायला लावले. काकूंनीही केला. मौन झालं, काकांचं भाषण सुरू झालं, दाणा-वैरणीपर्यंत आलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या शेजारी काकू नाहीत.

आम्ही बागेत शोधलं, बसमध्ये शोधलं. काका फोन लावत होते. रिंग जात होती, पण आवाज बंद, काकू उचलणार कशाला? काका एकाच वाक्यावर आले होते, "इथेच असेल, इथेच असेल." चिटणीस धावपळीत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला रडू येत होतं, आणि काकांसमोर रडायचं नाही म्हणून मी जोरजोरात काकूंना हाका मारत होते.

शेवटी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला शेंगदाणे विकणाऱ्या एका बाईच्या खाटेवर त्या सापडल्या. बाईने त्यांना आपली शाल पांघरली होती. "माताजी तो कब की बैठी है," ती काकांना म्हणाली. "फोन हाथ में है, पर मिलाती कोनी, बस देखे जा रही है." काकूंच्या मांडीवर फोन होता, आणि त्यावर काकांचं नाव उघडून ठेवलेलं होतं. नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं.

"अगं, मग लावला का नाहीस?" काकांचा आवाज चिरकला.

काकू अगदी साधेपणाने म्हणाल्या, "लावणार होते हो. पण माझ्यावरून तुमच्यावर कुठे काय येतं? तुम्हीच तर सांगता सगळ्यांना. मधे नदी आहे म्हणून."

काका वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, आता ही हसेल. काकूंचे सगळे टोमणे त्यांना पाठ होते. हा टोमणा नव्हता. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि शेंगदाण्याची पुडी पुढे करत होत्या, "घ्या, गरम आहेत." परतीच्या वाटेवर मुरथलला सगळे पराठे खायला उतरले, काका बसमध्येच बसून राहिले, काकूंचा हात धरून. इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, खोडून काढू नका. एका सकाळी काका माझ्या दारात उभे. "शनिवारी मोकळी आहेस का? करोल बागेत जायचंय. मला हिच्यासारखा फोन घ्यायचाय. नवा नको. हिचा आहे तोच, तसाच."

मला आधी कळेचना. "काका, अहो, पण फोन लागतो की! कुठल्याही फोनवरून कुठल्याही फोनवर—"

"ते मला सांगतेस?" काका म्हणाले. "हिलाही सांगितलं. चार वेळा लावून दाखवला. तेव्हा पटतं गं तिला. संध्याकाळी परत नदी मधे येते. ती नदी मीच खणलीय ना, माझ्या तोंडाने? आता तिला पटवत बसण्यापेक्षा मी पलीकडे गेलेला बरा." मग जिन्यात कोणी नाही असं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि हे बघ, मंडळात बोलू नकोस. हसायचं तर मला हसू देत. तिच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने बघायला नको."

तसला जुना फोन मिळायला तीन दुकानं फिरावी लागली. दुकानदार म्हणाला, "अंकल, इससे अच्छा दिखाता हूँ." काका म्हणाले, "अच्छा नहीं चाहिए, बेटा. यही चाहिए." घरी आल्यावर त्यांनी दोन्ही फोन काकूंच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवले. काकूंनी दोन्हीकडे पाहिलं, तडा नसलेल्या फोनवरून बोट फिरवलं. "तुम्हाला पण निखिलने दिला?" "हो," काका म्हणाले. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि काकूंनी आतून फोन लावला. "लागला!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. काकांनी गॅलरीच्या कठड्याला घट्ट धरलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला आणि मनसोक्त रडून घेतलं.

नवा फोन काकांना मुळीच जमत नव्हता. मागे जायचं बटण कुठे गेलं म्हणून ते दिवसातून चार वेळा माझ्या घरी येत. शिव्या देत, पण हळू आवाजात, समोरच्या दाराला ऐकू जाणार नाही अशा.

मंडळात मात्र बातमी पोचायची ती पोचलीच. गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. काकूंकडे बसायला ठेवलेली दुपारची बाई त्या दिवशी जास्त वेळ थांबली होती, म्हणून काका येऊ शकले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला मात्र, चिटणिसांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. "मंडळी, रिसबुडांचं पानिपत झालं!" हॉल हसला. "आणि घ्यायचाच होता तर हा भंगारातला कशाला घेतलात? ह्याला तर तुमचा चार्जरही चालत नाही! एवढी वर्षं आमचं डोकं खाल्लंत आणि आता? बोला की राव! काही कारण?"

काका म्हणाले, "कॅमेरा बरा आहे."

पुन्हा हशा. चिटणीस माणूस वाईट नाही, पण त्या क्षणी त्याच्या टकलावर मोदकाचा साचा आपटावा असं मला फार वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तेवढ्यात चिटणिसांच्या हातातच फोन वाजला. पडद्यावर काकूंचा फोटो. काकांनी फोन घेतला, घाईत भलतीकडेच बोट लागलं आणि काकूंचा आवाज सगळ्या हॉलभर ऐकू यायला लागला.

"हॅलो, कोण बोलतंय? मी मिसेस रिसबूड. आमचे हे आहेत का हो तिथे?"

हसणं हळूहळू थांबलं. काकांनी स्पीकर बंद करायला दोनदा बोट फिरवलं, ते काही जमलं नाही. मग त्यांनी तो नाद सोडला आणि फोन तोंडाजवळ नेला.

"आहेत," ते म्हणाले.

"उशीर झालाय हो. मी पानं घेतलीयेत. त्यांना सांगाल का?"

"सांगतो, वहिनी," काका म्हणाले. "लगेच पाठवतो."

आणि चपला घालून ते निघाले.