शांततेची पाटी

सुरतेत मोठी क्रीडास्पर्धा भरली, तेव्हा टेबल टेनिसच्या हॉलमध्ये मी स्वयंसेवक होते. जोडीला साठीचे एक खानदेशी काका होते. उभं आयुष्य कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटायचं. म्हणून आम्हीच त्यांच्या हातात ‘शांतता राखा’ची पाटी दिली.

सर्व्हिसच्या वेळी ते ती दोन्ही हातांनी उंच धरायचे आणि गच्च भरलेला हॉल गप्प व्हायचा.

शेवटच्या दिवशी सगळे गेले, तरी ते पाटी मांडीवर घेऊन बसून होते.

“द्या ती पाटी, काका. आता घरी जाऊन निवांत बसा.”

पहिल्यांदाच ते हळू बोलले, “घरमा बी शांतताच शे, माय. पन तठे मी एकलाच.”

पाटी न घेता मी शेजारच्या खुर्चीवर बसले.