डाव्या बाजूची कमान

जुन्या गाडीची कमान असली आहे की मागाहून बदललेली, हे मी गाडीखाली आडवा होऊन पाच मिनिटांत सांगायचो. कमान म्हणजे चाकावरचा भार झेलणारं पोलादी पाट्यांचं जुडगं. सन ऐंशीच्या आसपास पिपरी मेघेच्या रस्त्यावर माझं लहानसं गॅरेज होतं. तिशी नुकतीच ओलांडली होती आणि या एका गोष्टीत मला थोडं नाव मिळालं होतं. कंपनीच्या पाट्याची टोकं पातळ होत गेलेली असतात, कडा मऊ उतरलेल्या. लोहाराने छिन्नीने तोडलेलं टोक सरळ आणि जाड राहतं. पाटे आवळून धरणाऱ्या पट्ट्या कंपनीच्या असतील तर रिबिटाने बसवलेल्या, लोहाराच्या नटबोल्टाने. लोहाराच्या पाट्यावर बोट फिरवलं की हातोड्याचे खळगे लागतात. मी हे सगळं बोटांनी ओळखायचो आणि त्याचा मला गर्व होता.

आष्टीला एक डॉक्टर वारले. त्यांच्याकडे पन्नासच्या दशकातली विलायती मोटार होती. जुन्या गाड्या जमवणाऱ्या नागपूरच्या एका गृहस्थांनी ती विकत घ्यायचं ठरवलं. अट एकच, गाडी कंपनीतून आली तशीच असली पाहिजे. तपासायला त्यांनी मला नेलं.

गाडी अंगणात उभी होती, धुऊन पुसून. शेजारी डॉक्टरांचा ड्रायव्हर उभा. पंचावन्नचा असेल, उंच, इस्त्रीच्या शर्टात. वीस वर्षं ही एकच गाडी त्याने चालवली होती. डॉक्टरीणबाई ओसरीवर खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होत्या.

"गाडी डावीकडून थोडी वर वाटते," नागपूरकर म्हणाले.

मी खाली शिरलो. मागची उजवी कमान कंपनीचीच होती, दुसऱ्या पाट्यावरचा नंबरसुद्धा शाबूत. डावी मात्र लोहाराने बनवलेली. एक पाटा जास्तीचा, टोकं जाड, पट्ट्यांना बोल्ट. मी बाहेर येऊन तसं सांगितलं.

नागपूरकरांचं तोंड उतरलं. "मग आपलं जमत नाही."

ड्रायव्हर पुढे आला. "साहेब, जुनी कमान फेकली नाई. मांगच्या खोलीत पोत्यात बांधून ठेवली हाय. डॉक्टरसाहेब काईच फेकत नव्हते."

"काढली काऊन होती?" मी विचारलं.

तो विचारात पडला. "तळेगावच्या लोहारानं बदलली. डॉक्टरसाहेब म्हनले होते, थे परत लावू नोको. कारन काय, थे आता याद नाई बाप्पा. लय वर्सं झाली."

आम्ही पोतं उघडलं. आत कमान होती, तेलकट, काळी, नंबर ठळक. नागपूरकर लहान मुलासारखे हरखले. ही बसवून चालू हालतीत नागपूरला पोचवली तर गाडी घेतो, असं ते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बसवता येईल ना?" मी हो म्हणालो.

ती परत लावू नको असं डॉक्टर का म्हणाले असतील, हे माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन मी तळेगावला गेलो. लोहार अजून होता, खूप म्हातारा, एका डोळ्याने दिसत नव्हतं. मी कमान त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातानेच ओळखली. सगळ्यात वरचा मुख्य पाटा सुटा केला, दोरीला टांगून हातोडीने हलकेच ठोकला. मग शेजारचा दुसरा पाटा ठोकला. दुसरा घंटेसारखा वाजला. मुख्य पाटा नुसता ठक्क करून गप्प झाला.

"आयकलं?" तो म्हणाला. "याचा आवाज बसला. मंधात कुठं तरी केस पडला हाय, बारीक भेग. मी तवाच डॉक्टरले सांगतलं होतं."

"डोळ्याले तर काई दिसत नाई, बाबाजी."

"तुमाले दिसन तवा लय उशीर झाला राहीन."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. परत येऊन पाट्याला घासलेट लावलं, पुसलं, वर खडूची पूड चोळली. भेग असेल तर मुरलेलं घासलेट वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. दहा मिनिटं मी बघत बसलो. मधल्या बोल्टाच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ उमटली. आता वाटली, आता नाही. मी मनाशी म्हणालो, जुना ओरखडा असेल. कंपनीचं पोलाद आहे, लोहाराचं नाही. आणि मी फडक्याने पूड पुसून टाकली.

दोन दिवसांनी ती कमान गाडीला चढवली. गाडी सरळ उभी राहिली. नागपूरकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र वाकून डाव्या चाकामागे पुन्हा एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नागपूरकर त्यांच्या गाडीने पुढे गेले होते. या गाडीत आम्ही दोघंच, ड्रायव्हर आणि त्याच्या डाव्या हाताला मी. डॉक्टरीणबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पोचवून लवकर येजो." उन्हाळा तोंडावर होता. रस्त्याकडेचे पळस लालभडक झाले होते.

तळेगाव जवळ येताना मला पहिला आवाज आला. बारीक, मागून. टक्.

"काका, आयकलं का काई?"

"काय?"

"काई नाई. जरा हळू घ्या."

तो हसला. "मिस्त्री, याच्याहून हळू तर बैलगाडी जाते."

पुन्हा टक्. या वेळी तळपायाला जाणवलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, थांबवा, पाटा तुटून राह्यला. पण मग रेघेचं सांगावं लागलं असतं. मी पुढचं झाड गाठेपर्यंत थांबायचं ठरवलं, मग त्याच्या पुढचं. तळेगाव मागे पडलं. लोहाराच्या दुकानावरून गेलो तेव्हा भट्टी पेटलेली होती. मी मान फिरवली.

पुढे उतार होता आणि खाली अरुंद पूल. उतारावर मोठा आवाज झाला, दगड फुटल्यासारखा. गाडीचं मागचं अंग एकाएकी एका बाजूला सरकलं. ड्रायव्हरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. गाडी ऐकेना. "धरा!" एवढंच तो ओरडला. पुलाचा कठडा फोडून आम्ही कोरड्या नाल्यात गेलो.

माझं कपाळ फुटलं, बाकी काही नाही. त्याचा उजवा पाय आत अडकला होता. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी पहारीने दार उचकटलं. तो ओरडत नव्हता. आकाशाकडे बघत नुसता श्वास घेत होता.

वर्ध्याच्या दवाखान्यात तो दोन महिने होता. पाय राहिला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो बायकोला सांगत होता, "माहीच चुकी होय. डॉक्टरसाहेबानं सांगतलं होतं, अन् मी कारन इसरलो." मी कॉटजवळ उभा होतो. हातातली केळी ठेवली आणि निघून आलो.

तो घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी मी आष्टीला गेलो. तो बाजेवर बसला होता, पाय लाकडासारखा समोर. मी सगळं सांगितलं. लोहाराचं, खडूचं, गाडीतल्या आवाजाचं.

त्याने मध्येच विचारलं, "तुमाले दिसली होती रेघ?"

"दिसली होती."

"अन् तुमी हळू घ्या म्हनले, तवा मालूम होतं?"

"हो, काका."

दारात उभ्या बायकोच्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता. तिने तो तसाच आत नेला.

"वीस वर्सं त्या गाडीले खरचटलं नाई," तो शेवटी म्हणाला. "दोन महिने मी सोताले शिव्या देत पडलो. तुमी तवा समोर उभे होते. आता निंगा."

मी निघालो. डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. नागपूरकरांनी मोडकी गाडी सुट्या भागांसाठी उचलली. उजवी कमान चांगली होती.

त्या ड्रायव्हरला मी पुढे एकदाच पाहिलं, आष्टीच्या बाजारात. काठी टेकत तो माझ्या दिशेने येत होता. मी थांबलो, नमस्काराला हात जोडले. त्याने मला ओळखलं, हे मला दिसलं. मग तो वळला आणि भाजीवाल्यांच्या रांगेतून, पाय ओढत, दुसऱ्या वाटेने गेला.