मगदूम मॅडमचं मशीन

मगदूम मॅडमच्या ऑफिसात टेबलफॅन एकच होता आणि त्याचं तोंड माणसांकडे कधीच नसायचं. लॅपटॉपमधून जिथे गरम हवा बाहेर पडते, तिथे तो लावलेला असायचा. राजारामपुरीतल्या फ्लॅटची बाहेरची खोली, वर तापलेली गच्ची आणि मे महिना. कामाला लागले त्या पहिल्याच दुपारी मी पंखा जरासा माझ्याकडे वळवला. मॅडम उठल्या, तो परत फिरवला आणि म्हणाल्या, "माणूस घाम पुसतंय. मशीनला हात हाईत काय?"

मॅडम आर्किटेक्ट. मी इंटिरिअरचा डिप्लोमा करून त्यांच्याकडे पहिली नोकरी धरली होती. घर किंवा दुकान बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला पडद्यावर त्यातून फिरवून आणायचं, हे आमचं काम. त्यासाठी मशीन ताकदीचं लागतं. दुकानदारानं त्यांना जाड, दणकट लॅपटॉप सुचवला होता. त्यांनी सगळ्यात पातळ निवडला. "साइटवर पिशवीतनं हे काढलं की ठेकेदार गप बसतोय," त्या म्हणायच्या. ते खरंही होतं. पडदा असा सुरेख, की सागवानाची रेष न् रेष दिसावी. पण अंग पातळ म्हणून उष्णता जायला जागा नाही. काम जड झालं की सुरुवातीला मशीन सुसाट पळायचं, मग तापायचं आणि आपणच आपला वेग कमी करायचं. आतले पंखे मिक्सरसारखे ओरडायचे. मेमरी आत डकवलेली, वाढवायची सोय नाही. वजन हलकं म्हणावं, तर चार्जर विटेएवढा.

माझ्यापुढचा जुना डेस्कटॉप हळू चालायचा, पण दमायचा नाही. एकदा मी सुचवलं, "मॅडम, हे रात्रभराचं काम माझ्या मशीनवर लावू का?"

"तुझं मशीन बैल हाय. हा घोडा हाय. ह्याला मी पळवतो," मॅडम म्हणाल्या. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मॅडमच्या तोंडी ते जास्तच शोभायचं.

आतल्या खोलीत त्यांचे मिस्टर पडून असत. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. एकेकाळी शहरात नाव असलेले इंजिनिअर. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती आणि बोलणं तुटक झालं होतं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मॅडम उघड्या दारातून आण्णांना दाखवायच्या. "हे आमचे मिस्टर. झोपूनच असतात." ओळख तेवढीच. आण्णा डोळे मिटून घ्यायचे.

असं का, ते मला एका दुपारी डबा खाताना कळलं. मॅडमनीच सांगितलं, भाकरी मोडत, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. "आमच्या ऑफिसातली सगळी ड्रॉइंग मी काढायचो. गिऱ्हाईक आलं की हे माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, 'ही आमच्याकडं टायपिंग करती.' आणि मी पाण्याचा ग्लास पुढं करायचो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललो की. एकदा. चारचौघांत. त्यांनी हसून म्हटलं, 'बायकोला पण जरा मान द्यावा लागतोय.' सगळी हसली."

त्या मेमध्येच हुपरीचे एक चांदीवाले शेठ शोरूमचं काम घेऊन आले. चित्र तयार झाल्यावर मॅडम त्यांना ते दाखवायला बसल्या आणि वीज गेली. इन्व्हर्टर जुना, लगेच पिकपिक करू लागला. मॅडमनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, उठल्या आणि आतल्या खोलीचा पंखा बंद करून आल्या. टेबलफॅन चालूच ठेवला.

थोड्या वेळानं आतून आण्णांनी मॅडमना हाक मारली, "मीना... वारा."

मी आत गेले. आण्णांचा सदरा ओला झाला होता, उशीवर घामाचा डाग पडला होता. मी एका नकाशाची घडी घालून वारा घालू लागले. बाहेर शेठ चुळबुळत म्हणाले, "बाई, पंखा लावा त्यांचा. मी उद्या येतो की."

"उद्या पण त्यांना उकडणारच हाय. बसा. जिन्यापर्यंत आलाय, वरचा मजला बघून जावा."

शेठ बसले. वरचा मजला पाहिला, चांदीच्या पैंजणांची कपाटं पाहिली आणि काम पक्कं करून गेले. जाताना त्यांनी आतल्या खोलीकडे पाहायचं टाळलं.

मग मॅडम लॅपटॉप उचलून आत आल्या. काम पुरं झालं की ते आण्णांना दाखवायचं, हा त्यांचा नेम होता. त्यांनी मशीन आण्णांच्या मांडीवर ठेवलं. आण्णांनी डावा पाय काढून घेतला. "तापलंय."

मॅडमनी ते उजव्या मांडीवर सरकवलं. "हिकडं ठेवतो. हिकडं तुम्हाला काय कळतंय?" आणि चित्र सुरू केलं. "बघा. दार. हा जिना. कुणी काढलंय?"

आण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"कुणी काढलंय?"

"तू."

दुसऱ्या दिवशी त्या मांडीवर फोड आला होता. मॅडमनीच तो धुतला, मलम लावलं. आण्णांचं सगळं त्या स्वतः करायच्या. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं. बाई ठेवा म्हटलं की म्हणायच्या, "परक्याचा हात लावून घेणार न्हाय मी त्यांना." त्यांचे हात त्या वेळी इतके हलके असायचे, की मला त्यांचा राग धड धरताही यायचा नाही.

पावसाळ्याच्या अखेरीला लॅपटॉपची बॅटरी फुगली. टचपॅड वर उचललं गेलं आणि बाण पडद्यावर वाटेल तिकडे धावू लागला. दुरुस्तीवाल्यानं बजावलं, चालू करू नका, पेट घेईल. आतलं बोर्डही भाजलेलं, तेही बदलावं लागणार होतं. मॅडमनी एका शब्दानं हळहळ केली नाही. "त्याचं झालं. ठेवा तिथंच," म्हणाल्या आणि तसलाच नवा मागवला.

तो यायच्या आत आण्णा गेले. सकाळी मॅडम चहा भरवायला गेल्या, तेव्हा अंग गार होतं. मॅडम रडल्या नाहीत. त्यांच्या माहेरची माणसं मुरगूडहून आली, त्यांच्यात मॅडम भिंतीला टेकून बसून राहिल्या. थोरल्या वहिनी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लई केलंसा वन्सं त्यांचं. आता तरी मोकळं व्हा." मॅडमनी तो हात बाजूला केला.

त्याच आठवड्यात कुरिअरवाला नवा लॅपटॉप घेऊन आला. मी सही करायला पुढे झाले.

"परत ने म्हणावं," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, सुतकात नवी वस्तू नको असेल. "मॅडम, शेठचं काम अडलंय. दोनदा फोन आला त्यांचा."

"दुसरीकडं जा म्हणावं त्यांना."

"पण काम तुमचं आहे. सगळं तुम्ही काढलंय."

त्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्याकडे होते तेवढ्या काळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"ज्यांना दाखवायचं हुतं, ते गेले की गं."