धुऱ्यावरची विचारसरणी

आमच्या घराण्यात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो, हे आजही छाती काढून सांगतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. अकोल्याहून डोणगावजवळच्या आमच्या खेड्यात परतलो, तर पंचायतीची निवडणूक लागलेली आणि आमचं वावर वखरायचं पडलेलं.

बाबांकडे एक बैल, शेजारच्या काकांकडे एक. दोघांची जुनी सावड होती: दोन्ही बैल एका जुवाखाली, आज आमचं वावर, उद्या त्यांचं. आमचा बैल डाव्या अंगालाच चाले, त्यांचा उजव्या. दुसरी जोडी जमेना. आणि निवडणुकीत बाबा सहकारी शेतीवाल्यांच्या गटात, तर काका 'ज्याचं वावर त्याचं' म्हणणाऱ्यांच्या. बोलणं बंद, सावड बंद. मृग तोंडावर. पेरणी हुकली तर दोन्ही घरांचं वर्ष जाणार.

एका सकाळी दोघं आपापल्या वावरात हात बांधून उभे दिसले. मी मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढलो.

"बाबा, साऱ्या गावाची जमीन एक कराले निघाले तुम्ही, अन् दोन बैल एक होत नाहीत?"

काका खूश. "सांग बे, सांग त्याले!"

"अन् काका, ज्याचं त्याचं म्हणता, तर वखरा ना मंग एका बैलावर!"

आता बाबा हसले. तेवढ्यावर थांबायचं, तर मी विचारसरणीची व्याख्याच सुरू केली. माणूस मत एक मांडतो अन् जगतो दुसरंच, असं म्हणालो मात्र, बाबा कडाडले, "काकाले उलटं बोलतं? कालिजात हेच शिकला काय बे?"

"अन् बापाले शिकवून राह्यला!" काकाही धुऱ्यावर आले. "त्याचं चुकते, पण तो इमानानं चुकते!"

"चुकते कोण? मी?" बाबा त्यांच्याकडे वळले.

झालं, अबोला सुटला. भांडता भांडताच काकांनी बैल आणला, बाबांनी जू ठेवलं. वखर चालू असेतो दोघं गप्प. टोकाला बैल वळवायची वेळ आली की वाद पुन्हा सुरू. बैलांना आयताच विसावा.

पेरणी मृगात झाली. मत कोणीच बदललं नाही. तिफणीमागेही दोघं तावातावानं बोलतच होते, आणि बियाण्याची टोपली माझ्या डोक्यावर होती.